अंधाराची सोबत : मराठी वाङ्मयातील प्रौढ भयाचा इतिहास

१

विष्णुदास नाम्याच्या नावावर असलेली 'रात्र काळी, घागर काळी' ही रचना मराठी वाचकाला सुपरिचित आहे. एक गौळण रात्रीच्या वेळी पाण्याला निघाली आहे. रात्र काळी आहे, यमुनेचे पाणी काळे आहे, हातातली घागर, अंगावरची वस्त्रे, गळ्यातली मोत्यांची एकावळी, इतकेच काय ती स्वतःही काळी आहे. या रचनेचा विचार बहुधा कृष्णवर्णाच्या सर्वव्यापकतेच्या अंगाने केला जातो. सर्व काही काळे झाल्यावर भेद उरत नाही आणि भक्त व भगवंत एकरूप होतात, हा अर्थ रचनेत निःसंशय आहे. मात्र या अर्थाकडे जाण्यापूर्वी गौळण एक साधी, व्यवहारातली गोष्ट बोलते. आपण पाण्याला एकटी जाणार नाही, आपल्याबरोबर ती सावळी मूर्ती पाठवा, असे तिचे सांगणे आहे. या सांगण्यावरून अर्थविवरण पटकन पुढे सरकते. वास्तविक रचनेचा भावनिक आधार तेथेच आहे.

येथे बोलणारी व्यक्ती बालक नाही. संसाराचे पाणी भरणारी ती प्रौढ स्त्री आहे. तिला अंधाराचे भय वाटते, ते ती चारचौघीत उघडपणे सांगते आणि सांगताना तिला संकोच वाटत नाही. या भयावर ती उपाय मागते, पण दिवा मागत नाही. ती सोबत मागते, आणि ही सोबतही रात्रीइतकीच काळी असलेली तिला हवी आहे.

अंधाराचे भय हे बालपणाचे लक्षण असून वयाबरोबर ते गळून पडते, किंवा गळून पडायला हवे, असे आधुनिक मन गृहीत धरते. ज्याचे ते गळून पडत नाही तो प्रौढ 'भित्री भागूबाई' ठरतो. पुरुषाच्या भित्रेपणाला भाषेने स्त्रीचे नाव द्यावे, यातही या गृहीतकाची एक बाजू दिसते. या दृष्टिकोनाचा परिणाम वाङ्मयविचारावरही झालेला आहे. मराठी समीक्षेत 'अंधार' हा शब्द विपुल आढळतो, परंतु तो अज्ञानाचे, मृत्यूचे, नियतीचे, अबोध मनाचे किंवा सामाजिक अन्यायाचे प्रतीक म्हणून. डोळ्यांना काही दिसत नाही म्हणून घाबरलेला माणूस या प्रतीकांमागे दडून राहतो. या माणसाचा माग काढायचा तर निराळा इतिहास मांडावा लागतो. प्रौढाचे भय एके काळी उघड बोलले जात होते आणि त्याचे निवारण सोबतीने होत होते, एकोणिसाव्या शतकात ते अज्ञानाच्या सदरात जाऊन लाजिरवाणे झाले, आणि पुढे अंधाराचे सर्वस्वी रूपक झाल्यावर ते अभिजात म्हणविणाऱ्या वाङ्मयाच्या आणि त्याच्या समीक्षेच्या नजरेआड गेले, अशी या इतिहासाची स्थूल रेषा आहे.

२

या इतिहासाचा आरंभ प्रत्यक्ष अंधारापासून केला पाहिजे. खनिज तेलाचे दिवे येण्यापूर्वी घरातील प्रकाश म्हणजे समई, पणती किंवा चुलीतला जाळ. करंजाच्या, तिळाच्या वा खोबऱ्याच्या तेलावर जळणाऱ्या वातीचा उजेड काही हातांच्या पलीकडे पोचत नसे. तेल महाग, म्हणून तोही उजेड बेताचाच. बाहेर पडायचे तर टेंभा, मशाल आणि कोकणात माडाच्या झावळ्यांची चूड. तरीही रात्र रिकामी नव्हती. पिकाची राखण, गुरांची दावण, प्रसूतीसाठी सुईणीला बोलावणे, पाटाचे पाणी धरणे आणि पहाटेपूर्वीचे दळण ही सारी कामे अंधारातच होत. अंधाराला भिऊन प्रौढाचे चालण्यासारखे नव्हते. त्याला भय बाळगून काम करावे लागे, आणि त्यासाठी लोकव्यवहाराने काही साधने घडवली होती.

त्यांतील पहिले साधन आवाज. जात्यावरच्या ओवीचा विचार स्त्रीच्या आत्माविष्काराच्या अंगाने पुष्कळ झाला आहे आणि तो योग्यच आहे. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्यामुळे या विचाराला भक्कम आधारही मिळाला. परंतु ओवी ज्या वेळी म्हटली जाई ती वेळही लक्षात घेतली पाहिजे. घर निजलेले, बाहेर काळोख आणि जात्याशी एकटी किंवा दुकटी बाई. ओवी अशा वेळी कोणाला तरी हाक मारते. माहेरचा भाऊ, आई, सूर्यनारायण, पंढरीचा विठ्ठल यांपैकी कोणी ना कोणी तिच्यात संबोधिलेला असतो. ओवीचा आशय क्वचितच भयाचा असतो, पण तिची रचना मात्र अनुपस्थित माणसाला समोर आणून बसवण्याची आहे. शेजारच्या घरातील जात्याचा आणि गळ्याचा आवाज भिंतीपलीकडून ऐकू येत असेल तर ही सोबत अधिकच खरी होते. गोंधळ, जागरण, कोकणातील दशावतार हे रात्रभर चालणारे विधी आणि खेळही या अंगाने पाहता येतात. समाज त्या रात्री अंधार सामुदायिकपणे ताब्यात घेतो. गोंधळ्याच्या हातातील दिवटी ही पूजेची वस्तू आहे, तशीच ती रात्रीच्या वस्तीची खूणही आहे.

दुसरे साधन नामकरणाचे. मुंजा, खवीस, समंध, हडळ, वेताळ, चकवा अशी नावे देऊन लोकमानसाने अंधाराची वर्गवारी केली. निराकार भयाला नाव मिळाले की त्याला ठिकाण मिळते. मुंजा पिंपळावर राहतो, म्हणजे तो इतरत्र नाही. वाट चुकलेल्या माणसाला 'चकवा लागला' असे म्हटले की त्याच्या चुकीचा दोष त्याच्या धैर्यावर येत नाही. काही नावे मात्र टाळायची असतात. सापाला रात्री 'जनावर' म्हणावयाचे, सर्पदंश झाला तर 'पान लागले' म्हणावयाचे, दिवा 'विझवायचा' नाही तर 'मालवायचा' किंवा 'शांत करायचा', हे भाषिक संकेत प्रौढांनीच प्रौढांसाठी केलेले आहेत. केवळ मुलांना गप्प बसवण्यासाठी भाषेने एवढी काळजी घेतली नसती.

या नामकरणाची सर्वांत अर्थपूर्ण परिणती दक्षिण कोकणात आणि गोव्यात दिसते. तेथे वेताळ हा भुतांचा अधिपती असला तरी गावाचा राखणदारही आहे. तो रात्री गावाच्या सीमांवर फिरतो अशी श्रद्धा असल्यामुळे आरवलीच्या वेतोबाला मोठ्या आकाराच्या चपला वाहिल्या जातात. चालून चालून त्या झिजतात, असे भाविक सांगतात. ज्याचे भय वाटावे त्यालाच पहारेकरी नेमण्याची ही युक्ती आणि गौळणीने काळ्या रात्री काळ्याच मूर्तीची सोबत मागणे यांत एकच तर्क आहे. अंधारातून जायचे तर अंधाराला वाट माहीत असलेला कोणी बरोबर असावा.

रामदासांच्या भीमरूपी स्तोत्राचा लोकव्यवहारातील उपयोगही येथे आठवतो. स्तोत्राच्या अखेरीस भूत, प्रेत, समंध यांचा रोग, व्याधी आणि चिंता यांच्याच ओळीत उल्लेख येतो. रामदासांच्या दृष्टीने अंधारातले भय हे तापासारखेच माणसाला होणारे एक दुखणे आहे आणि त्यावर मोठ्याने म्हणावयाचा पाठ हे औषध आहे. दुखणे झालेल्याला कोणी हसत नाही. दिवेलागणीला रामरक्षा आणि भीमरूपी म्हणण्याच्या प्रथेत मुलांना मोठ्यांबरोबर बसवले जाते, पण मोठ्यांनाही ते म्हणावेसे वाटते ही गोष्ट सहसा कोणी बोलून दाखवत नाही.

सोबत आणि पाठ यांच्याबरोबर ज्ञानाचा आणि स्थैर्याचा असे आणखी दोन मार्ग परंपरेत होते. 'अमृतानुभवा'च्या सातव्या प्रकरणात ज्ञानदेव अज्ञानाचे खंडन करतात. अज्ञान ही शोधून सापडणारी वस्तूच नाही, हा त्यांचा युक्तिवाद प्रकाश आणि अंधार यांच्या नात्यावर उभा आहे. वेदान्तात सतत येणारा दोरीवरच्या सापाचा दृष्टान्तही याच वाटेवरचा. या दृष्टान्ताची एक बाजू दुर्लक्षित राहते. त्यातला घाबरलेला माणूस नेहमीच प्रौढ असतो. त्याला भित्रा म्हणून कोणी हिणवत नाही. त्याची चूक मानवी स्थितीची चूक मानली जाते आणि म्हणूनच ती तत्त्वज्ञानाला उदाहरण म्हणून चालते.

स्थैर्याचा मार्ग मज्झिमनिकायातील भयभेरव सुत्तात आहे. धर्मानंद कोसंबी यांच्या लेखनामुळे पाली वाङ्मयाचे हे दालन मराठी वाचकाला खुले झाले. संबोधीपूर्वीच्या काळात आपण चतुर्दशी, पौर्णिमा वा अमावास्या आणि अष्टमी अशा रात्री मुद्दाम भीतिदायक अरण्यातल्या स्थानी जाऊन राहत होतो, असे बुद्ध या सुत्तात सांगतात. एखादे जनावर येई, मोर काटकी पाडी, वारा पाचोळा हलवी आणि भय समोर येऊन ठाके. चालत असताना भय आले तर ते ओसरेपर्यंत चालतच राहायचे, उभे असताना आले तर उभेच राहायचे, बसलेले असताना आले तर बसूनच राहायचे, असा त्यांचा नेम होता. भय नाकारण्याचा हा प्रकार नाही. भय येणारच हे मान्य करून शरीराची ठेवण त्याच्यासाठी बदलायची नाही, एवढाच हा निश्चय आहे. संबोधीच्या उंबरठ्यावरचा माणूस रात्रीच्या पाचोळ्याने दचकतो हे सांगण्यात या ग्रंथकारांना कमीपणा वाटला नाही.

३

एकोणिसाव्या शतकात या भयाचा दर्जा बदलला. या बदलाची तात्त्विक पार्श्वभूमी पाहण्यासाठी युरोपातील एका जुन्या वादाकडे वळणे उपयुक्त ठरेल. जॉन लॉकने मानवी आकलनाविषयीच्या आपल्या ग्रंथाच्या चौथ्या आवृत्तीत (१७००) कल्पनांच्या साहचर्यावर एक प्रकरण जोडले. भुतांचा आणि अंधाराचा परस्परांशी स्वभावतः काही संबंध नाही, परंतु एखादी अडाणी दासी मुलाच्या मनात या दोन कल्पना एकत्र बांधून देते आणि पुढे जन्मभर त्या सुटत नाहीत, असे त्याने म्हटले. एडमंड बर्कने १७५७ च्या आपल्या उदात्त आणि सुंदर यांवरील प्रबंधात याचा प्रतिवाद केला. अंधार मूळातच भयकारी आहे, कथांनी तो तसा केलेला नाही, असे त्याचे मत होते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर प्रथमच पाहू लागलेल्या मुलाला काळी वस्तू पाहून अस्वस्थता वाटली, हे चेसेल्डन या शस्त्रवैद्याने नोंदवलेले उदाहरण त्याने पुराव्यादाखल दिले. बर्कच्या मतातून पुढे उदात्ताचे सौंदर्यशास्त्र निघाले. लॉकच्या मतातून शिक्षणाचा एक कार्यक्रम निघतो. दासीच्या गोष्टी बंद केल्या की भय आपोआप संपेल.

मराठी प्रबोधनाची वाटचाल बहुतांशी या दुसऱ्या दिशेने झाली. १८३२ च्या 'दर्पण'पासून वृत्तपत्रे आणि शालेय पुस्तके यांच्याद्वारे जी विवेकाची भाषा घडली, तिच्यात भुताखेतांचे भय हे अज्ञानाचे ठळक लक्षण होते. या भाषेने जे साधले ते मोठे आहे. भयाच्या आधारावर चालणारी देवऋष्यांची, मांत्रिकांची आणि पुरोहितांची सत्ता तिने प्रश्नांकित केली. परंतु याच भाषेत भय वाटणाऱ्याचे स्थानही बदलले. पूर्वी तो दुखणेकरी होता, आता तो अडाणी झाला. दुखण्याला उपचार असतो. अडाणीपणाला फक्त उपहास किंवा उपदेश मिळतो.

जोतीराव फुले यांचे 'तृतीय रत्न' (१८५५) हे नाटक या संदर्भात वेगळे ठरते. गरोदर कुणबीण बाईला ग्रहांची भीती घालून जोशी तिच्या घरचे अन्न आणि पैसा लुबाडतो, हे त्याचे कथानक. फुले यांचा रोख घाबरलेल्या बाईवर नाही. भय निर्माण करून त्यावर जगणाऱ्यावर तो आहे. नाटकाच्या शेवटी ही जोडी रात्रीच्या शाळेत जायचे ठरवते. दिवसा राबणाऱ्या माणसाला शिकायला रात्रच उरते, ही त्यामागची वस्तुस्थिती. मात्र अंधाराच्या इतिहासात तिला आणखी एक अर्थ आहे. येथे रात्र पुन्हा एकत्र बसण्याची वेळ होते, आणि ज्ञान व सोबत हे दोन मार्ग एकमेकांना येऊन मिळतात. पुढील सुधारकी वाङ्मयात यांतला ज्ञानाचा मार्ग उरला, सोबतीचा विसरला.

दिव्यांचा इतिहासही याला समांतर आहे. मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ मध्ये गॅसचे दिवे लागले. रॉकेलचा कंदील आणि चिमणी हळूहळू खेड्यांत पोचली. खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून १९१५ मध्ये मुंबईला वीज मिळू लागली. शहरी मध्यमवर्गाच्या घरात अंधार हा आता बटण दाबून घालवण्याचा विषय झाला. लिहिणारा वर्ग याच घरांतून येत होता. त्यामुळे अंधाराचे भय आधी वयाने लहानांकडे, मग शिक्षणाने लहानांकडे आणि शेवटी गावाकडे ढकलले गेले. 'बागुलबुवा' हा शब्द याचा साक्षीदार आहे. तो मुलांच्या भयाचा शब्द, पण वृत्तपत्री मराठीत तो प्रतिपक्षाची भीती पोरकट ठरवण्यासाठीच वापरला जाऊ लागला.

या पार्श्वभूमीवर गांधीजींच्या आत्मकथेतील कबुली महत्त्वाची ठरते. ती मुळात गुजराती असली तरी मराठी वाचकाने ती आपल्या आत्मचरित्रांच्या बरोबरीने वाचली आहे. चोर, भुते आणि साप यांचे भय आपल्याला छळत असे, रात्री बाहेर पडण्याचे धैर्य होत नसे आणि खोलीत दिवा असल्याशिवाय झोप येत नसे, असे ते लिहितात. हा काळ विवाहानंतरचा आहे. शेजारी निजलेल्या कस्तुरबांना असले कसलेच भय नव्हते, त्या अंधारात कोठेही जाऊ शकत, आणि आपले भय त्यांना सांगण्याची आपल्याला लाज वाटत होती, हेही ते नोंदवतात. भयापेक्षा या लाजेची नोंद अधिक ऐतिहासिक आहे. विष्णुदास नाम्याची गौळण जे मोठ्याने मागते ते नव्या काळातला तरुण आपल्या पत्नीलाही सांगू शकत नाही. धीटपणासाठी मांसाहाराकडे वळवणाऱ्या मित्राचा मोह त्याला याच लाजेपोटी पडतो.

याच आत्मकथेत रंभा नावाची दाई आहे. भुतांच्या भयावर रामनामाचा उपाय तिने लहानपणीच सुचवला होता आणि त्या बीजाला आपण उत्तरायुष्यात जपले, असे गांधीजी सांगतात. लॉकच्या ग्रंथातील दासी मुलाच्या मनात भय पेरते. येथील दाई त्याला औषध देते. दोघी निरक्षर परंपरेच्या प्रतिनिधी आहेत. एकोणिसाव्या शतकातील सुधारकी विचाराने पहिलीला ओळखले आणि तिला घराबाहेर काढताना दुसरीही बाहेर गेली.

४

भयाला बोलण्याची मुभा राहिली नाही म्हणून ते नाहीसे झाले नाही. त्याने वाङ्मयात दोन ठिकाणी आश्रय घेतला. एक काव्यातील प्रतिमासृष्टीत आणि दुसरा लोकप्रिय कथेत.

बालकवींची 'खेड्यातील रात्र' ही कविता या संक्रमणाच्या वाटेवर उभी आहे. उजाड माळ आणि पडक्या बुरुजाच्या भिंती यांनी ती सुरू होते. फुलराणीच्या कवीकडून न अपेक्षिलेले हे उदास जग त्याच्या मनोवृत्तीचे द्योतक म्हणून वाचले जाते. परंतु माळ, बुरूज आणि रात्र यांचा अनुभव खानदेशच्या खेड्यांत वावरलेल्या माणसाचा प्रत्यक्ष अनुभवही आहे. कवितेत भय वाटणारा 'मी' पुढे येत नाही. भय दृश्यात विरघळते. हे काव्यदृष्ट्या सामर्थ्याचे आहे, आणि त्याच वेळी एका मौनाचीही सुरुवात आहे. मर्ढेकरांच्या 'रात्रीचा दिवस' (१९४२) या कादंबरीत रात्र संज्ञाप्रवाहाचे क्षेत्र होते. जी. ए. कुलकर्णी यांच्या 'काजळमाया' (१९७२) पर्यंत येता येता काळोखाने नियतीचे रूप घेतलेले असते. हे सर्व लेखन मराठी वाङ्मयाचे वैभव आहे. तरीही या वाटचालीत अंधार जितका खोल होत गेला, तितका त्यात चालणारा, ठेचकाळणारा माणूस पुसट होत गेला, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

चिं. त्र्यं. खानोलकर यांनी १९६२ मधील आपल्या कादंबरीला 'रात्र काळी, घागर काळी' हे नाव दिले. जुन्या रचनेशी असलेले हे नाते केवळ शीर्षकापुरते नाही. रूपवती लक्ष्मीच्या वाट्याला आलेल्या भोगांची ही कथा. तिच्याभोवतीही सर्व काही काळे होत जाते, पण जिची सोबत मागावी अशी सावळी मूर्ती तिच्या जगात नाही. मध्ययुगीन रचनेत काळेपणा शेवटी आश्रय होतो. कादंबरीत तो केवळ वेढा राहतो. सोबत वजा केल्यावर अंधाराचे काय उरते, याचे उत्तर या दोन कृती शेजारी ठेवल्या की मिळते.

लोकप्रिय कथेने मात्र घाबरलेल्या प्रौढाला आपल्याकडे ठेवून घेतले. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या कथांचे वाचक मुले नव्हती. नोकरी करणारी, वीज असलेल्या घरात राहणारी, भुतांवर विश्वास नसल्याचे सांगणारी माणसे त्या वाचत होती. प्रतिष्ठित समीक्षेने धारपांना बराच काळ रंजनाच्या सदरात ठेवले. पण या रंजनाची घडण पाहण्यासारखी आहे. धारपांच्या अनेक कथा-कादंबऱ्यांत समर्थ नावाचे पात्र येते आणि दुष्ट शक्तींनी ग्रासलेल्यांच्या पाठीशी उभे राहते. 'समर्थांचिया सेवका' हे त्यांचे शीर्षक मनाच्या श्लोकांतून आलेले आहे. रामदासी पाठाने जे काम केले होते त्याची मागणी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही होती. ती पुरवली मात्र ग्रंथालयातून भाड्याने मिळणाऱ्या पुस्तकांनी. एकट्याने खोलीत बसून भयकथा वाचणे हा सोबतीचाच एक आधुनिक, काहीसा केविलवाणा प्रकार म्हणावा लागेल. कोणीतरी आपल्यासारखेच घाबरले आहे आणि कोणीतरी त्याच्या मदतीला आले आहे, एवढे आश्वासन वाचकाला पुरते.

५

आतापर्यंतचा विचार एका अर्थाने अपुरा आहे. त्यात अंधाराला भिणारा माणूस गृहीत धरला आहे, पण अंधाराला भिण्याची सवड नसलेला माणूस अद्याप आलेला नाही.

अण्णा भाऊ साठे यांची 'स्मशानातील सोनं' ही कथा या दृष्टीने निर्णायक आहे. वारणेच्या परिसरातून मुंबईत आलेला भीमा खाणीत काम करतो. खाण बंद पडते. स्मशानातल्या राखेत त्याला सोने सापडते आणि मेलेल्यांच्या अंगावरचे सोने शोधणे हा त्याचा व्यवसाय होतो. त्याच्या बायकोला भुतांचे भय वाटते; त्याला पोराबाळांच्या पोटाचे भय अधिक आहे. एका काळोख्या रात्री नुकतेच पुरलेले प्रेत उकरताना त्याची कोल्ह्यांशी झुंज होते. प्रेताच्या जबड्यात त्याची बोटे अडकतात आणि शेवटी दोन बोटे त्याला गमवावी लागतात. नंतर खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते, तेव्हा पहाड फोडणारी ती बोटे राहिलेली नसतात.

भयकथेची सर्व सामग्री येथे आहे: स्मशान, अमावास्येसारखा काळोख, प्रेत, श्वापदे. तरीही ही भयकथा होत नाही, कारण भीमाचे निर्भय होणे हाच या कथेतील खरा भयानक भाग आहे. सुधारकी विचाराला ज्ञानाने भय जावे असे वाटत होते. भीमाचे भय बेकारीने गेलेले आहे. त्याच्या विवेकाला शिक्षणाचा आधार नाही, भुकेचा आहे. भयमुक्ती ही नेहमीच प्रगतीची खूण असते या समजाला या कथेइतका कठोर छेद मराठीत क्वचितच दिला गेला असेल. एकट्याने अंधारात जाण्याची किंमतही ती दोन बोटांच्या रूपाने मोजून दाखवते.

लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या' (१९८७) या आत्मकथनाने या चित्राला आणखी एक बाजू जोडली. १८७१ मध्ये उत्तर हिंदुस्थानात लागू झालेल्या आणि १९११ मध्ये सर्वत्र विस्तारलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही समाजांना जन्मतः गुन्हेगार ठरवले. त्यांना ठरलेल्या वेळी हजेरी द्यावी लागे, आणि सोलापूरसारख्या ठिकाणी तारांच्या कुंपणातील वसाहतींत राहावे लागे. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण पोलिसांची धाड संपली नाही. 'उचल्या'त ती वारंवार येते. ज्या घरावर धाड पडायची आहे त्या घरात भय अंधारातून येत नाही, ते अंगावर पडणाऱ्या उजेडातून येते. तेथे काळोख हा आडोसा असतो. प्रकाश म्हणजे ज्ञान आणि अंधार म्हणजे अज्ञान हे समीकरण ज्या समाजाने रूढ केले, त्याला दिव्याच्या उजेडात पकडले जाण्याचा अनुभव नव्हता. या आत्मकथनाच्या वाचनानंतर अंधाराचे रूपक पूर्वीइतक्या निश्चिंतपणे वापरता येत नाही.

६

या इतिहासातून वाङ्मयविचारासाठी काही निष्पन्न होत असेल तर ते वाचनपद्धतीसंबंधी आहे. कृतीत अंधार आला की त्याचा प्रतीकार्थ शोधण्याची घाई समीक्षा करते. त्यापूर्वी काही साधे प्रश्न विचारले जाणे आवश्यक आहे. तेथे दिवा आहे काय, असल्यास तो कोणाच्या हातात आहे, त्यात तेल कोणाचे आहे, भय वाटणारा एकटा आहे की त्याच्याबरोबर कोणी आहे, आणि आपले भय तो बोलू शकतो की नाही. हे प्रश्न प्रतीकार्थाला बाधक नाहीत. गौळणीच्या रचनेत अद्वैताचा अर्थ तिच्या भयातूनच सिद्ध होतो. ती घाबरली नसती तर तिने सावळी मूर्ती मागितलीच नसती.

प्रौढाच्या भयाला परंपरेने दिलेली उत्तरे सर्वच स्वीकारण्याजोगी आहेत असे नाही. मुंजा आणि समंध यांच्या नावावर झालेली पिळवणूक, चेटकीण ठरवून स्त्रियांचा झालेला छळ हा याच नामकरणाचा काळा भाग आहे, आणि फुले यांच्यापासून नरेंद्र दाभोलकर यांच्यापर्यंतच्या विवेकवादी परंपरेने त्याविरुद्ध दिलेल्या लढ्याचे मोल कमी होत नाही. १९८९ मध्ये दाभोलकरांनी स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यपद्धतीत या निबंधाच्या विषयाशी थेट जुळणारी एक गोष्ट आहे. भूत नाही हे सांगण्यासाठी तिचे कार्यकर्ते केवळ व्याख्यान देऊन थांबत नाहीत. अमावास्येच्या रात्री लोकांना स्मशानात नेण्याचे कार्यक्रम ते करतात. तेथे एकट्याला पाठवले जात नाही. सगळे मिळून जातात, बोलतात, गाणी म्हणतात, काही वेळा तेथेच जेवतात आणि रात्र काढून परत येतात. ज्ञानाचा आग्रह धरणाऱ्या चळवळीने सोबतीचा मार्ग अशा रीतीने पुन्हा स्वीकारला. विष्णुदास नाम्याच्या गौळणीने एवढेच मागितले होते.